कोटाचं माप

शिलाईच्या त्या दुकानात नणंद-भावजयीची जोडी. कापड बेतायचं काम वन्संचं, शिवायचं वहिनीचं, आणि तोंडाची टकळी दोघींची! विषय एकच, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला जाणारं जहाज. बर्फाचे डोंगर, पेंग्विन, मावळायचं नाव न घेणारा सूर्य. वेड मुळात वहिनीचं. वन्संना ते नंतर लागलं, पण असं लागलं की स्वप्नातसुद्धा बर्फच.

मग दादा, म्हणजे वन्संचा भाऊ, अंथरुणाला खिळला. दुकानामागच्या खोलीत त्याच्यापाशी दोघींपैकी एक कायम हवीच.

"वन्सं, तुम्ही जाऊन या," वहिनी म्हणाली. "मी यांना सोडून कुठली येते? आणि नको-बिको म्हणालात, तर बोलायचीच नाही हं तुमच्याशी!"

झालं. वन्सं एकट्याच बुकिंगला गेल्या. तिथली पोरगी मोठी चटपटीत. म्हणाली, जहाजावर घालायला जाड कोट मिळतो, माप सांगा.

माप सांगणं म्हणजे वन्संच्या हातचा मळ. छाती, खांदा, बाही, सगळं धडाधड सांगून मोकळ्या झाल्या. पोरगी त्यांच्या ताडमाड देहाकडे बघतच राहिली.

"मावशी, ही बाही तुमच्या मनगटापर्यंत तरी पोचेल का हो?"

वन्संनी सांगितलेली मापं मनात पुन्हा मोजून बघितली. माप वहिनीचं होतं! स्वतःचं त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण ते नेहमी वहिनीच घ्यायची. आता त्या कोटात त्यांना वहिनीच दिसायला लागली, बर्फात उभी, थंडीनं नाक लाल झालेली. जीव नुसता तुटला त्यांचा.

"माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माणूस बदल. माझ्या भावजयीचं नाव घाल."

परत येऊन त्यांनी वहिनीला सांगून टाकलं, "दादाचं मी बघते. तू जायचंस." वाटलं होतं, वहिनी आनंदानं गळ्यात पडेल. कसलं काय! तिनं मशीन थांबवलं, डोळ्यांत पाणी.

"कमाल करता तुम्ही! मला काय नुसत्या पेंग्विनचं कौतुक होतं? अहो, तिथे तुम्हाला कोपर मारून 'ते बघा, ते बघा' म्हणायचं होतं मला. आता कुणाला म्हणू?"

"मग कुणीच जायचं नाही?" वन्संचा आवाज चिरकला.

"एकीनं तर नाहीच."

तेवढ्यात आतून दादानं पाणी मागितलं. दोघी एकदमच उठल्या.