काच आहे तिथेच

भिंतीला चिकटवलेल्या काचपट्टीवरची चीर डोळ्याला दिसत नव्हती; बोटाला लागत होती. मी ओल्या फडक्याने पट्टी पुसली, मग कोरड्याने, आणि बोटाचं टोक तिच्यावरून अगदी हलकं फिरवलं. मध्याच्या जरा पुढे काहीतरी टोचलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच. खिडकीचं एक दार ओढून उजेड तिरका पाडला, तेव्हा ती दिसली: वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गेलेली, केसासारखी, थोडी तिरपी.

"पुसून झालं असेल तर चहा घे," आई मागून म्हणाली. "गार होतोय."

"आई, ही फुटलीय."

"काय फुटलीय?"

"काच."

आईने हातातल्या टॉवेलची घडी घातली. घडी झालेलीच होती. तिने ती मोडून पुन्हा घातली. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. डोकं कुठे अडलं की हात तेच काम करू लागतात. हा टॉवेल मी आले तेव्हा काचेच्या वरच्या खिळ्याला टांगलेला होता. आमच्याकडे टॉवेल कधीच तिथे नसायचा.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"चहा घे म्हटलं ना."

ती काचपट्टी मूळची माझी. शाळेत असताना मला बक्षीस म्हणून एक छोटा सूक्ष्मदर्शक मिळाला होता, त्याच्या डबीत अशा पट्ट्या होत्या. कांद्याचा पापुद्रा, मुंगीचा पाय, आईचा पांढरा केस असं मी त्यांवर ठेवून पाहत असे. आम्ही तेव्हा या गावात नवे होतो. इमारतीत सगळेच कुठून कुठून आलेले. एका मजल्याची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. आमची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. तिच्या मोठ्या भिंतीला भेग होती आणि त्याच भिंतीवर वरचे चारही मजले उभे होते. मालकाच्या मॅनेजरने येऊन पाहिलं आणि "जुनी भेग आहे, माणसासारखी इमारतही म्हातारी होते," असं म्हणून तो गेला.

बाबा गिलाव्याचं काम करणारे गवंडी. त्यांनी माझ्या डबीतली एक पट्टी मागून घेतली, भेगेवर आडवी धरली आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवली.

"भिंत हलली तरी आपल्याला कळत नाही, बाळ," ते म्हणाले. "पण काचेला वाकता येत नाही. ती आधी तुटते."

"आणि तुटली तर?"

"तर आधी बाहेर, मग भांडण."

"आधी भांडण केलं तर काय बिघडतं?" आई स्टोव्हपाशी बसल्याबसल्या म्हणाली होती. बाबा हसले होते. आमच्या घरात भांडणाचं खातं आईकडे होतं.

ते खरंच तसं होतं. मालकाला इमारत रिकामी हवी होती आणि त्याने एकदा मॅनेजरला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कुलूप लावायला पाठवलं. तो जिन्यापाशी आला तर आई पायऱ्या पुसत होती. "फरशी ओली आहे हो, साहेब. पाय घसरेल, नसती आफत." तो फरशी वाळायची वाट पाहत थांबला. तिची पायरी पुसून होते न होते तोवर पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी बादली ओतली. मग तिसऱ्या मजल्यावरून बेकरीवाल्याच्या बायकोने. सगळ्यात वर आजी होती, तिने तर साबणच टाकला. एकमेकींची भाषा कुणाला येत नव्हती, पण फडकं कसं फिरवायचं हे सगळ्यांना येत होतं. मॅनेजर दुपारपर्यंत कुलूप हातात धरून उभा राहिला आणि गेला. त्या दिवशी इमारतीतली पोरं आमच्या खोलीत दाटीवाटीने जेवली. बेकरीवाल्याने उरलेले पाव आणले. बाबा कामावरून आले तर त्यांना टेकायला जागा नव्हती; ते दाराच्या उंबऱ्यावर बसून पाव खात राहिले.

त्यानंतर जिन्यातल्या सभा सुरू झाल्या. जमायला दुसरी जागा नव्हती, आणि गच्चीपर्यंत चढणं म्हाताऱ्यांना जमत नव्हतं. म्हणून प्रत्येकाने आपापल्या मजल्यावर, आपल्या दारापुढे उभं राहायचं. सांगायचं ते खाली तळमजल्यावर सांगायचं. तोवर प्रत्येकाला शेजारच्या मजल्याची भाषा थोडीफार येऊ लागली होती. शिंपीणबाई ते आपल्या भाषेत करून वर पाठवायच्या, दुसऱ्या मजल्यावरचे बस चालवणारे काका त्यांच्या भाषेत, तिसऱ्यावर बेकरीवाला, आणि शेवटी चौथ्या मजल्यावर आजीच्या कानाशी तिचा नातू. मग उत्तरं उलटी खाली यायची. चौथ्याचं हो. तिसऱ्याचं हो. एक जरी नाही आलं तरी गोष्ट तिथेच थांबायची. वाक्य वर जाताना कधी लांबायचं, कधी त्याचं शेपूट गळायचं. एकदा 'नळ दुरुस्त करून घेऊ' हे आजीपर्यंत 'नवा नळ आणू' होऊन पोचलं आणि आजीने लगेच पसंतीचा रंग कळवला. तरी आजवर आमची एकही गोष्ट एखाद्या मजल्याच्या मनाविरुद्ध झाली नाही.

सगळ्यात शेवटचं उत्तर आमच्या दाराचं. बाबा गेल्यावर ते आई देऊ लागली.

सभेची सुरुवातही ठरलेली. वरून कुणीतरी ओरडायचं, "मावशी, काच?" आणि आई म्हणायची, "शाबूत!" मालकाचा माणूस इमारत धोकादायक झाली असं म्हणाला की सगळे हेच सांगायचे. घरहक्काच्या कचेरीतली वकीलबाई आमच्या बाजूने लढायला आली, तेव्हा तिलाही बेकरीवाल्याने पहिल्यांदा हात धरून आणलं ते आमच्या खोलीत, काच दाखवायला.

वकीलबाईंनी बरीच वर्षं भांडून एक तोड काढली होती. सगळ्यांनी जवळच्या एका रिकाम्या वसतिगृहात राहायला जायचं, इमारतीची दुरुस्ती होईल, आणि ज्याची खोली त्यालाच परत मिळेल. मालकाने कबूल केलेलं आणि न्यायाधीशाने त्यावर शिक्का मारलेला. वरचे सगळे मजले तयार झाले. आई दर वेळी म्हणायची, "पाहू." एवढ्यांदा म्हणाली की पोरं तिला पाहूमावशी म्हणू लागली. ज्या पोरांना मराठीचं दुसरं अक्षर येत नव्हतं, त्यांनाही 'पाहू' येत होतं.

"पाहू म्हणजे काय ग, आई?" मी एकदा चिडून विचारलं होतं. "कोपऱ्यावर जाऊन पाहून ये," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या इमारतीतले लोकही असेच दुरुस्तीसाठी बाहेर पडले होते. आता तिथे गच्च्यांना काचेचे कठडे आहेत आणि आतली माणसं दुसरी आहेत. तिथले चपला शिवणारे काका दूरवरून बसने येतात आणि आपल्या जुन्या दारासमोर बाकावर बसून काम करतात. गिऱ्हाईक नसलं की इमारतीकडे पाठ करून बसतात. आई त्यांच्याकडे बळेच चपला शिवायला नेते. तिच्याकडे इतके टाके घातलेली एक जोडी आहे की तिच्यात चामड्यापेक्षा दोराच जास्त असेल.

आज वसतिगृहाच्या जागेला हो म्हणायचा शेवटचा दिवस होता. म्हणून मी आले होते.

"गेल्या सभेत काय म्हणालीस?" मी विचारलं.

"कशाबद्दल?"

"आई."

"'काच?' असं विचारलं कुणीतरी. मी म्हटलं, आहे तिथेच."

"शाबूत नाही म्हणालीस?"

"खोटं कसं बोलणार?" ती म्हणाली. "तुझ्या बापाची काच ती."

ती खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. हा गिलावा बाबांनी केलेला. आमच्या खोलीत पाहुण्याला तो दाखवायची पद्धत होती. आई म्हणायची, दिवा तिरका धरा, एक खड्डा सापडला तर जेवू घालीन. कुणाला सापडला नाही, आणि जेवण सगळ्यांनाच मिळालं.

"दुरुस्ती म्हणजे ही भिंत पाडणार," आई म्हणाली.

"हो. हीच पाडावी लागेल."

"म्हणजे परत आलो तरी ही नसणार."

"नसणार."

"आणि परत येऊच, असं तू सांगतेस? शिक्क्यावर?"

"मी नाही सांगू शकत," मी म्हणाले. "भिंत हलतेय एवढंच सांगू शकते. किती वेगाने हलतेय, तेही नाही."

"शिकवलं एवढं तुला, त्याचा हा उपयोग," ती म्हणाली. पण आवाजात टोमणा नव्हता. वर पावलं वाजू लागली होती. दारं उघडत होती. आजीच्या काठीचा आवाज सगळ्यांत उशिरा आला. आईने उठून साडीच्या निऱ्या हाताने सारख्या केल्या आणि टॉवेल खिळ्याला न लावता खुर्चीच्या पाठीवर टाकला.

जिन्यात नेहमीसारखा वास होता: ओली फरशी आणि तिसऱ्या मजल्यावरचे पाव. वकीलबाई तळाच्या पायरीशी उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. आज पुन्हा 'पाहू' ऐकायची तिने तयारी केली असावी. आई उंबऱ्यावर उभी राहिली, बाबा पाव खात बसले होते तिथे.

"मावशी, काच?" वरून बेकरीवाला ओरडला.

आईने कठडा धरला. "फुटलीय," ती म्हणाली.

शिंपीणबाई वाक्य वर न्यायला वळल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. "काय म्हणालात?"

"फुटलीय म्हणाले. चीर गेलीय आरपार. तशीच सांगा, काही गाळू नका."

शिंपीणबाईंनी सांगितलं. मग बसवाल्या काकांनी. त्यांचा आवाज गाडीचे ब्रेक लावल्यासारखा मधेच थांबला आणि ते जिन्यातून खाली वाकले.

"गेल्या वेळी 'आहे तिथेच' म्हणालात ना, मावशी?"

"तिथेच होती. फुटलेली, पण तिथेच होती."

"वा! बरं आहे की. म्हणजे आम्ही वर तुमच्या भरवशावर घोरतोय, आणि तुम्ही शब्दांत पकडता आम्हाला?"

"खरंय तुमचं," आई म्हणाली. "चुकलं माझं. तेही वर सांगा."

काकांना आईशी भांडायची सवय होती, भांडण संपायची नव्हती. "ते कशाला सांगायचं?" ते पुटपुटले.

"सांगा म्हणते ना. आमच्या ह्यांनी सांगितलं होतं, तुटली तर आधी बाहेर, मग भांडण. मी उलटं करत बसले."

काकांनी ते सांगितलं की नाही, हे मला कळलं नाही. त्यांची भाषा मला आजही धड येत नाही. पण ते पुष्कळ वेळ बोलले आणि त्यात कुठेही आवाज चढला नाही. बेकरीवाल्याने ते पुढे नेलं. चौथ्या मजल्यावर नातवाचा आवाज आला, आणि मग काही नाही. कुठल्यातरी घरात नळ ठिबकत होता.

आता चौथ्याचं हो यायला हवं होतं. ते आलं नाही.

"आजी काहीतरी विचारतेय," बेकरीवाला म्हणाला. प्रश्न मजल्यामजल्याने उतरू लागला. शिंपीणबाईंनी तो ऐकला आणि आमच्याकडे वळताना डोळे पुसले.

"म्हणते, शिक्काबिक्का तिला कळत नाही. ती ज्या देशातून निघाली, तिथेही कागदावर शिक्के मारून 'परत या' म्हणाले होते. ती एवढंच विचारतेय, तळमजला येणार का? तळमजला येत असेल तर ती येईल. नाहीतर पडू दे म्हणते भिंत."

वर प्रत्येक मजल्यावरून माणसं वाकून खाली पाहत होती: शिंपीणबाई, काका, बेकरीवाला आणि त्याची बायको, आणि सगळ्यात वर, कठड्याच्या दोन गजांमधून, आजीचा छोटासा चेहरा. एका पोराने हळूच 'पाहू' म्हटलं आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली.

आईने मान मागे वळवली. उघड्या दारातून भिंत दिसत होती. उजेड अजून तिरकाच होता आणि त्या सपाट गिलाव्यावर कुठेही सावली पडत नव्हती. तिने दार ओढून घेतलं, लावलं नाही, आणि वर पाहिलं.

उत्तरं नेहमी वरून खाली येतात. आईने पहिल्यांदाच खालून सुरुवात केली, आजीला थेट आपल्याच तोंडून कळावं म्हणून अगदी सावकाश, मोठ्याने:

"तळमजल्याचं हो."