डॉक्टरांच्या पेटीतला लाल ठोकळा

मी अण्णाराव डॉक्टरांच्या पेटीतला लाल तिकोनी ठोकळा बोलतोय. माझं एक टोक उडालंय, हसू नका. ज्या कुऱ्हाडीनं ते उडवलं, तिनं आधी माणसाचं डोकं फोडलं होतं.

१९३१ साली डॉक्टरांनी एका परदेशी मासिकात वाचलं, की मेंदूला मार बसलेल्या माणसाचा विचार ठोकळ्यांवरून तपासता येतो. झालं! सोलापुरातल्या सुताराकडून त्यांनी आम्हाला कापून घेतलं. लाल, पिवळे, काळे, पांढरे. कुणी तिकोनी, कुणी गोल. निम्मे मोठे, निम्मे लहान. रंगानं नाहीतर आकारानं आमचे गट करायचे. ज्याला जमलं नाही, त्याचा विचार तुटला. मी तर मोठा न्यायाधीशच असल्यासारखा भाव खात होतो.

मग मायाप्पा धनगर आला. चराऊ रानाच्या भांडणात थोरल्या भावानं, बिरप्पानं, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूनं, त्याचं डोकं फोडलं होतं. जखम भरली, पण जीभ अडखळायची. आणि आता बिरप्पाच त्याला दंडाला धरून ओढत आणत होता.

"ह्यो येडा झालाय. तसं लिवून द्या सायेब, मेंढरं माज्या ताब्यात येत्याल."

मायाप्पाची बायको मायाक्का दारात उभी होती.

"एकासारखे एक लाव," डॉक्टर म्हणाले. मायाप्पानं प्रत्येक मोठ्या ठोकळ्याशेजारी एक लहान ठेवला. माझ्याजवळ पिवळा गोल आला! तीनदा सांगूनही तेच. डॉक्टरांनी मान हलवून कागद पुढं ओढला.

"थांबा सायेब! ह्या थोरल्या दिरांनाबी ठोकळ्यांपुढं बसवा की!" मायाक्का ओरडली.

बिरप्पा मिशीला पीळ देत बसला आणि त्यानं अगदी तशाच जोड्या लावल्या.

"रंग नाही बघितलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंग कशाला? पांढऱ्या मेंढीला काळं कोकरू हुतंय की! म्हून आईपास्नं तोडायचं व्हय?"

"मग तूही वेडा, असं लिहू?"

बिरप्पाचे डोळे लाल झाले. डाव फसलेला बघून त्यानं शेजारी टेकवलेली कुऱ्हाड भावावर उगारली. मायाक्कानं नवऱ्याला मागं खेचलं, घाव टेबलावर, माझ्यावर बसला. कंपाउंडर आणि दवाखान्याच्या शिपायानं बिरप्पाला जमिनीवर आपटलं. त्याच्या कपाळातून रक्त वाहू लागलं.

मायाप्पा वाकला. "दा... दादा, लई लागलं का रं?"

डॉक्टरांनी कागद टराटरा फाडला. मेंढरं मायाप्पाचीच राहिली. तेव्हापासून डॉक्टर आधी धडधाकट माणसांपुढं आम्हाला मांडतात, मगच जखमींपुढं.

मला मात्र माझ्या न्यायाधीशपणाची अजून लाज वाटते. मायाप्पाचा तो प्रश्न कुठल्या गटात लावायचा, ते मला आजवर जमलेलं नाही. तुम्हाला जमलं, तर या थोट्या ठोकळ्याला तेवढं सांगा.