डबीतली बत्तीशी

फोटोवाल्यांना नळीची भीती नव्हती. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. घशात कडू औषध मारून तो बधिर करायचा, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि पेन्सिलीहून बारीक नळी नाकातून थेट फुप्फुसात. श्वास चालूच राहणार, फक्त बोलता येणार नाही; काही वाटलं तर हात वर करायचा. पाठ न सोडणारा खोकला आणि एक्स-रेवरचा तो डाग, यांचा एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून ते उपाशीपोटी, शहाण्या मुलासारखे येऊन बसले होते.

तोंडचं पाणी पळालं ते सिस्टरच्या प्रश्नानं.

"कवळी आहे का? असेल तर काढून बाईंकडे द्या."

बाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारीच बसली होती.

"छे हो!" फोटोवाले म्हणाले. "सगळे घरचेच आहेत."

लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. साठी उलटल्यावर मांडलेला हा दुसरा संसार. त्यांच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं हसू छान आहे हो." तेव्हापासून हे गडी कवळी घालूनच झोपत आणि न्हाणीघराला कडी घालून, नळ मोठा सोडून ती धूत.

बाईंना बाहेर बसवून त्यांना आत नेलं. सिस्टरनं औषधाचा फवारा उचलला.

"सिस्टर, समजा, एका मित्राला कवळी आहे आणि त्यानं सांगितलंच नाही. तर?"

"तर ती सुटून मित्राच्या श्वासनळीत जाईल. आम्ही शोधायला जाणार एक आणि काढत बसणार भलतंच!"

मित्रानं निमूट तोंडात बोटं घातली. "पण बाईंना देऊ नका," तो बोळक्या तोंडानं म्हणाला. सिस्टरनं ती बत्तीशी डबीत ठेवली.

मग कडू फवारा, घशात काहीतरी अडकल्यासारखं, खोकल्याची उबळ, आणि गुंगी.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर सांगत होते, "कफाचा घट्ट बोळा होता, ओढून काढला. डाग त्याचाच असावा. नमुना तपासायला दिलाय, अहवाल आला की पक्कं सांगतो. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाण्याचा थेंबही नको, ठसका लागेल. थुंकीत जरासं रक्त दिसलं तर घाबरू नका, जास्त आलं तर लगेच या. बाईंना पाठवतो आत."

फोटोवाल्यांनी ओठ गच्च मिटले.

"अहो, काय म्हणाले डॉक्टर?" बाईंनी येताच विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. "काही वाईट आहे का? बोला ना हो!" पुन्हा मान. बाईंचा चेहरा पडला, डोळे भरून आले. "माझ्यापासून लपवताय तुम्ही. एकदा एकटी राहिलेय मी. पुन्हा नाही जमायचं मला."

आता मात्र त्यांना राहवेना. स्वतःचीच लाज वाटली. गेली चुलीत ती ऐट!

"अगं, शगळं थीक आहे!" ते म्हणाले. "कफ होता नुशता!"

बाई त्या तोंडाकडे बघतच राहिल्या. जीव भांड्यात पडला, रडूही आलं आणि हसूही.

"म्हणून पेरू कापून दिला की पोट भरलेलं असायचं होय! आणि मी वेडी, माझ्या हातचं तुम्हाला काहीच आवडत नाही म्हणून रोज ओट्यापाशी रडत होते!"

त्यांनी तिचा हात धरला.

तेवढ्यात सिस्टर डबी घेऊन आली. "घालायची का?"

"राहू द्या," बाईच म्हणाल्या. "आत्ता कुठे खरं बोलायला लागलेत."