शेऱ्याच्या रकान्यातली माणसं

“मामा, बस म्हणजे किती?”

“तीन.”

“आणि मोटार?”

“एक. स्कूटर अर्धी. हातगाडी चार.”

“हातगाडी बसपेक्षा मोठी?” नव्या इंजिनिअरबाई हातातल्या फॉर्मकडे बघत म्हणाल्या.

“मोठी नाही हो बाई, हळू. कोण किती वाट अडवतं, एवढंच हा कागद विचारतो.”

“मग बसमधली माणसं कुठे लिहायची?”

मोजयंत्रावरचा मामांचा अंगठा थबकला आणि त्या नादात एक टेम्पो न मोजता निसटता निसटता राहिला. एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा विचारला गेला होता. पहिल्यांदा विचारला होता तो त्यांच्या बायकोनं, ह्याच कोपऱ्यावर, ह्याच दगडावर बसून.

रस्ते खात्यात मामा वाहनमोजणीदार होते. हातात मुठीएवढं यंत्र, मांडीवर फॉर्म आणि समोर रस्ता. गाडी गेली की टक्. म्हणून नाव पडलं मोजमामा. ज्यांची जीभ घसरायची ते मौजमामा म्हणायचे, पण मौज अशी त्यांनी कधी केली नाही. सांगतात, की स्वतःच्या लग्नात हा नवरदेव मांडवाच्या दाराशी उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या मोजत होता. मुलीकडची मंडळी गहिवरली, “काय संस्कार! जावई स्वतः स्वागताला उभे!” फसगत कळेपर्यंत लग्न लागलं होतं. पुढं संसारात झोपेतही त्यांचा अंगठा हलायचा आणि सकाळी मामी म्हणायच्या, “काल स्वप्नात बरीच गर्दी होती वाटतं?”

एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून चूक झाली ती एकदाच. पण झाली ती अशी, की नकाशात उमटली.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. सकाळी सात ते आठच्या पाळीत ह्या कोपऱ्यावरून शेळ्यांचा कळप निघाला. दोनशे बारा. फॉर्मवर शेळ्यांना रकाना नव्हता. मामांनी पेन चावलं, डोकं खाजवलं. शेळी रस्त्यावरून जाते, म्हणजे मोजायला हवी. हळू जाते, वाट अडवते. रकान्यांच्या शेवटी ‘इतर संथ वाहने’ असं लिहिलेलं दिसलं. मामांनी इमानेइतबारे तिथं दोनशे बारा लिहिले आणि डबा उघडला.

कचेरीत कुणीतरी दोनशे बाराला चारनं गुणलं. एका तासात आठशे अठ्ठेचाळीस मोटारींचा भार! साहेबलोकांनी कपाळाला हात लावला. वर्षाच्या आत फीत आली, खुंट्या आल्या, मग करवती आल्या. एकपदरी सावलीचा रस्ता दुपदरी उन्हाचा झाला. दोन्ही कडांची मिळून एकशे तीस झाडं गेली. चूक मामांच्या ध्यानात आली तेव्हा ओंडके भरलेला शेवटचा ट्रक समोरून चालला होता, आणि त्यांनी तोही मोजला.

मामींना सांगितलं, तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, “शेळ्या पाला खातात हे माहीत होतं. अख्खी झाडं खातात हे आज कळलं.”

आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाराच्या बसनं त्या स्वतः डबा घेऊन यायला लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “तुमच्यावर लक्ष नको का ठेवायला? उद्या कावळे मोजाल, विमानतळ बांधतील.”

एक झाड तेवढं करवतीतून वाचलं होतं, त्याखाली हा दगड. मामी त्यावर बसायच्या. मामा गाड्या मोजायचे आणि मामी बसच्या खिडक्यांतून डोकी. “एक्केचाळीस. आणि कंडक्टर. आणि एक बाळ, ते मांडीवर आहे, अर्धं धरा.”

“त्यांना रकाना नाही गं.”

“एका मोटारीत एक टक्कल जातं, त्याला रकाना आहे. एक्केचाळीस माणसं कुठं लिहायची मग?”

मामा म्हणायचे, “जेवायला वाढ.”

अशी कितीतरी वर्षं. दगड बसून बसून गुळगुळीत झाला. गाव फुगत फुगत पुढच्या गावाला जाऊन भिडलं. दुचाक्या मोटारी झाल्या, मोटारींच्या रांगा झाल्या. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. बाराची बस मात्र यायचीच. दार उघडायचं, माणसं उतरायची आणि मामा प्रत्येक वेळी शेवटचं माणूस उतरेपर्यंत बघायचे. मग डबा स्वतःच उघडायचे.

आता खात्यानं रस्ता आठपदरी करायचं काढलं होतं. बसला वाटेत थांबायला जागा नाही, तेव्हा ह्या मार्गावरच्या बस बंद, बाराचीही. दुसरी एक योजना होती खरी, पदर सहाच आणि मधले दोन फक्त बससाठी. पण ती फाईल इंजिनिअरबाईंनी केलेली. म्हणजे नवी, पातळ आणि सगळ्यात खाली ठेवलेली. ठरणार होतं ते ह्या आठवड्याच्या मोजणीवर. मामांची ही शेवटची मोजणी. शनिवारी निवृत्ती.

“शेऱ्याचा रकाना आहे ना,” मामा एकदम म्हणाले.

“मामा, शेरा कोण वाचतं? ‘पाऊस आला’, ‘पेन संपलं’ असलं लिहितात तिथं.”

“मग पेन संपेपर्यंत लिहितो.”

त्यांनी स्टोअरमधून दुसरं यंत्र मागवलं. डाव्या अंगठ्याला गाड्या, उजव्याला माणसं. बस कोपऱ्यावर थांबायची तेवढ्यात खिडक्यांतली डोकी, दांडीला धरलेले हात, दारातले पाय. मोटारींमध्येही ते वाकून वाकून बघायचे, तेव्हा एकानं काच खाली करून विचारलं, “काय हरवलंय का आजोबा?” मामा म्हणाले, “हो, तुमच्या शेजारची तीन माणसं.” तो काच वर करून निघून गेला. संध्याकाळी दोन्ही अंगठे भोपळ्याएवढे सुजायचे. आता भोपळा म्हणजे अगदी भोपळा नव्हे, पण शर्टाची बटणं शेजारीण लावून द्यायची, हे खरं.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं.

“हे काय आहे? सकाळी आठ ते नऊ, बस अठ्ठावीस. आणि शेऱ्यात एक हजार सातशे बावीस?”

“माणसं, साहेब.”

“माणसं कुणी विचारली?”

“कुणीच नाही. तेच म्हणतो मी.” मामा खुर्चीच्या कडेवर टेकले होते. “मोटारी अकराशे चाळीस, त्यात माणसं चौदाशे सहा. रस्ता सगळा मोटारींनी भरलेला आणि माणसं जास्त त्या अठ्ठावीस बसमध्ये.”

“फॉर्मच्या हिशेबानं सगळ्या बस मिळून चौऱ्याऐंशी मोटारींएवढ्याच होतात. फॉर्म खोटा आहे का?”

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी टेबलाकडे पाहिलं. पेन्शनचे कागद त्याच टेबलावर सहीला पडले होते. तरी ते म्हणाले, “त्यात एकदा शेळ्या बसल्या होत्या, साहेब.”

आणि सगळं सांगून टाकलं. दोनशे बारा, गुणिले चार, करवती, ओंडके.

साहेब ऐकता ऐकता उभे राहिले. “कुठल्या साली?”

मामांनी साल सांगितलं.

“तो दुपदरी रस्ता मी केला! माझं पहिलं काम. वेळेआधी पुरं केलं म्हणून मला बढती मिळाली!” साहेब खाली बसले. “म्हणजे माझी बढती... शेळ्यांमुळे?”

“दोनशे बारा,” मामा नम्रपणे म्हणाले. “एकही कमी नाही.”

मग साहेब असे हसले, की शिपाई पाणी घेऊन धावत आला. हसू सरल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “छान झाडं होती तिथं,” ते म्हणाले. “मी स्वतः खुणा केल्या होत्या त्यांच्यावर. चुन्यानं.”

त्यांनी पेन्शनच्या कागदांवर सही केली. मग तळातली पातळ फाईल वर ओढली. “बाई, फॉर्मला एक रकाना वाढवा. आणि हा शेरा ह्या फाईलला जोडा.”

दारात बाई हळूच म्हणाल्या, “मामा, माझ्या नकाशात बसथांबा मधल्या पदरांवर आहे. तो कोपरा, झाड, दगड... सहा पदरांतही जातायत ते.”

“बघितलाय मी नकाशा.”

“मग आधी बोलला का नाहीत?”

“दगड बसनं येत नव्हता, बाई. ती यायची.”

शनिवारी स्टोअरकीपरनं यंत्रं परत घेतली. “आकडा शून्यावर आणून द्या हं मामा.” मामांनी सुजलेल्या अंगठ्यानं खटका फिरवला. यंत्राला एक क्षण लागला, मामांना जरा जास्त लागला.

काम चालायचं तेवढं चाललं. पुढच्या वर्षी एका दुपारी मामा घराजवळच्या थांब्यावर गेले आणि बाराच्या बसमध्ये चढले. आयुष्यभर त्यांनी बस समोरून जाताना पाहिली होती. दुपारी ह्या बसमध्ये बसून कोपऱ्याकडे येणं कसं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. खिडकीची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि शेजारी बसले.

मधल्या पदरातून बस सरळ निघाली. दोन्ही बाजूंना मोटारी तुंबलेल्या. जुना कोपरा आला. तिथं आता काळं गुळगुळीत डांबर होतं आणि खांबावर एक कॅमेरा, येणारी-जाणारी माणसं मोजणारा. बस त्याच्याखालून गेली तेव्हा मामा ताठ बसले, केसांवरून हात फिरवला. मग मांडीवरचा रिकामा अंगठा हलला. एकदा. आणि रिकाम्या खिडकीकडे बघून, आणखी एकदा.

शेळ्यांनंतर त्यांच्या हातून झालेली ही दुसरीच चुकीची नोंद.