पंप खाली जाणार नाही

रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली आणि बाइंडरकाकांच्या तळघरात पाणी शिरलं. सकाळी त्यांचा फोन आला तशी ती हातातला चहा तिथेच टाकून टेम्पो घेऊन निघाली. पंप भाड्याने द्यायचा धंदा मुळात सासऱ्यांचा. त्यांचे गुडघे गेले आणि तो तिच्या, सुनेच्या, गळ्यात पडला. पण चार वर्षांत तिचं मन त्यात चांगलंच रमलं होतं.

तळघरात घोट्याच्या वर पाणी होतं आणि ते चढत होतं. रॅकवर शाळेच्या वाचनालयाची, नुकतीच बांधून झालेली पुस्तकं. तिने पंप बाहेर फुटपाथवर, दारापासून लांब सपाट जागेवर ठेवला. धूर झरोक्यातून आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरचं तोंड रस्त्याकडे वळवलं. मग सक्शनचा, पाणी ओढणारा पाइप जिन्यातून खाली सोडला. पाइप पाण्याच्या चार हात अलीकडेच संपला होता. घाईत तिने आखूड पाइप उचलला होता.

काका म्हणाले, पंप उचलून पाच-सहा पायऱ्या खाली ठेवू. दार उघडं आहे, घटकाभराचं तर काम.

"नाही काका," ती म्हणाली. "इंजिनच्या धुरातला विषारी गॅस तळघरात कोंडून राहतो. त्याला वास नसतो. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो, तो उठतच नाही. पंप खाली जाणार नाही."

"अगं, पुस्तकं भिजतायत."

"भिजू देत."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण टेम्पो वळवला तो वळवलाच.

लांब पाइप घेऊन परतायला पाऊण तास लागला. तोवर खालचे दोन कप्पे पाण्यात गेले होते. तिने पाइप जोडला, पंपात पाणी भरलं, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि पंपाने पाणी धरलं. मधे पेट्रोल संपलं तेव्हा ते भरण्याआधी इंजिन गार होईपर्यंत ती थांबली; गरम इंजिनवर पेट्रोल सांडलं तर भडका उडतो. दुपारी फरशी दिसली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "लांब पाइप तू विसरलीस." खरंच होतं ते.

घरी तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता. पंप खाली नेला असता तर किती पुस्तकं वाचली असती, असं त्यांनी विचारलं. शंभरेक, ती म्हणाली.

ते गुडघा चोळू लागले. "मी नेलाय खाली," ते म्हणाले. "चारदा तरी. दर वेळी धडधाकट वर आलो, म्हणून वाटायचं, आपल्याला कामातलं कळतं."

त्यावर ती रात्रीपर्यंत विचार करत राहिली. काही झालं नाही, ते हुशारीमुळे की नशिबामुळे, हे मागाहून कोणाला सांगता येतं? आज तिच्या पदरात शंभर भिजलेली पुस्तकं होती. न घडलेलं मात्र कुणाला दाखवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती टेम्पो न घेता, चालतच बाइंडरकाकांकडे गेली. ते पाणी टिपायला ओल्या पानांमध्ये कोरे कागद सरकवत बसले होते. तिला बघून त्यांनी पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"दर दहा पानांनी एक," ते म्हणाले. "आणि दाबू नकोस."

ती बसली आणि तिने पहिलं पुस्तक उघडलं.