साहेबांनी माशी हाकलली

व्यंकटराव पक्षाचे तालुकाध्यक्ष झाले ते आयुष्यभर सतरंज्या उचलून. माणूस लय गोड, पण साहेबांचं नाव निघालं की अक्कल खुंटीला टांगणार. साहेबांना शिंक आली तरी दोष विरोधकांचा! त्यात यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट हातातोंडाशी आलेलं, मग तर विचारूच नका.

अशात साहेबांनी देवगाव फाट्यावर पंडितच्या कानाखाली वाजवली. पंडित म्हणजे फाट्यावरचा चहावाला, व्यंकटरावांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा मानलेला भाऊ. त्यानं विचारलं एवढंच, "साहेब, इथं बायकांसाठी मुतारी बांधणार होते, तिचं काय झालं?" बिचाऱ्याची टोपी पार नालीत गेली. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ते गावोगाव फिरलं.

मग पक्षातले शहाणे कामाला लागले. एक म्हणाला, व्हिडिओ बनावट आहे. दुसरा म्हणाला, साहेब बापाच्या जागी आहेत. शेवटी वरून निरोप आला की पंडितच्या गालावर माशी बसली होती, ती साहेबांनी हाकलली. हे व्यंकटरावांनी पत्रकारांना सांगायचं, तेही पंडितच्याच हॉटेलात, त्याला शेजारी बसवून. तिकिटाचं त्यानंतर बघू.

कुठलंही भाषण व्यंकटराव आधी बायकोपुढं म्हणून बघायचे. तसे याही वेळी उभे राहिले. कस्तुराबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाजी बाजूला सारली आणि आपला गाल पुढं केला.

"हाकला बरं माशी. साहेबांनी हाकलली तशी, तेवढ्याच जोरात."

व्यंकटरावांचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. सगळ्या संसारात त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नव्हता.

"अगं, राजकारणात करावं लागतं," ते पुटपुटले.

"करा की. पण राखीला पंडित आला की तुमीच त्याला पाटावर बसवा. मला तोंड न्हाई दाखवायला."

हॉटेलात पत्रकार जमले. पंडितनं सगळ्यांना चहा दिला आणि दाजींच्या शेजारी येऊन बसला. त्यालाही पक्षाच्या लोकांनी पढवून ठेवलं होतंच. पत्रकारानं विचारलं, नेमकं काय घडलं? व्यंकटरावांनी घसा खाकरला, पाण्याचा पेला रिकामा केला आणि पुन्हा भरून घेतला. पंडितनं त्यांच्याकडं बघितलं. दाजींचं तिकीट अडलंय हे त्याला ठाऊक होतं.

"माशीच व्हती," तो हसून म्हणाला. "मलाच दिसली न्हाई. साहेबांचा लय जीव हाय आमच्यावर."

गालावरचा वळ अजून गेला नव्हता, आणि हा बाबा हसत होता! व्यंकटरावांना भडभडून आलं.

"न्हाई," ते म्हणाले. "साहेबांनी मारलं. मी बाजूलाच उभा होतो, अन् गप बसलो. पंडितचं काही चुकलं न्हाई. मुतारी बांधायचं आमीच कबूल केलं होतं."

खिशातला फोन लगेच वाजायला लागला. व्यंकटरावांनी तो बंद करून टाकला. पत्रकार गेले तसा पंडित डोळे पुसत भांडायलाच उठला.

"तिकीट गेलं की हो, दाजी. कशाला बोललात? मी घ्यायलो होतो ना सांभाळून."

"तू सांभाळून घ्यायलास, तेच बघवलं न्हाई रे मला," व्यंकटराव म्हणाले.