पायरी नसलेली गाडी

मी एक जुनी दुधाची गाडी आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गंज येईल, फुटका दिवा येईल. येऊ द्या. माझ्या अंगावर गंज आहे आणि डावा आरसा तारेने बांधलेला आहे. तरीसुद्धा मित्रांनो, मागच्या डिसेंबरात सहा कुटुंबांच्या चकाचक गाड्या माझ्या मागून तळ्याला आल्या. ते कसं घडलं, ते मी कुणाचीही भीड न ठेवता सांगणार आहे.

माझी मागची पेटी कोल्हापुरातल्या एका गॅरेजात तयार झाली. दूध गार राहावं म्हणून तिच्या भिंतींत चार बोटं जाडीचा थर्माकोलचा थर भरला होता. पंधरा वर्षं मी कुरुंदवाडकडचं दूध मंगळवार पेठेत आणलं. चालवायला आकाराम. त्याने मला कधी विनाकारण हॉर्न वाजवायला लावला नाही. महापुराच्या वर्षी रस्ता बंद होण्याआधीची शेवटची फेरी आम्हीच केली, तेव्हा पेठेतल्या बायकांनी माझ्या काचेवर हळदीकुंकू लावलं होतं.

मग डेअरीने नव्या गाड्या घेतल्या. मी आवारात मागे पडले. चाकांतली हवा गेली, कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. एके दिवशी मला मोडीत काढायचं ठरलं आणि आकाराम मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिला.

"मला द्या ती."

"खुळा का काय? भंगार हाय ते. काय करणार नेऊन?"

"लेकीला फिरवणार," आकाराम म्हणाला.

त्याची लेक भैरवी चौदा वर्षांची. जन्मापासून पायांत बळ नाही, म्हणून ती चाकाच्या खुर्चीत बसते. त्या वर्षी तिच्या शाळेची सहल राधानगरीकडच्या एका तळ्याकाठी गेली होती. बाई घरी येऊन गोड आवाजात सांगून गेल्या, "बस उंच आहे, तिथं काही सोय नाही. हिला घरीच राहू द्या. आम्ही फोटो पाठवू." फोटो आले. भैरवीने ते सगळे पाहिले आणि मोबाइल उलटा ठेवला.

"पप्पा, फोटो नको. मला पाणी बघायचं हाय."

तिच्या त्या वाक्यासाठी आकारामने मला घरी नेलं. त्याने इंजिन खोललं, ब्रेक नवे बसवले, आरटीओचे सगळे कागद केले. पेटीला दोन खिडक्या कापल्या. आत झोपायच्या फळ्या, शेगडीचा ओटा, कोपऱ्यात छोटा संडास आणि भैरवीची खुर्ची घट्ट बांधायला पट्टे. मागची पायरी मात्र त्याने कापून टाकली. तिथे दोन तुकड्यांचा बारा फुटी लोखंडी रॅम्प आला. पहिला रॅम्प आखूड झाला होता. त्यावरून खुर्ची ढकलताना भैरवीची आई लीला घसरली आणि तिचं कोपर फुटलं. दुसऱ्या दिवशी तिनेच नवऱ्याला मोठं माप काढून दिलं.

तेवढ्यात लीलाला कळलं की, घरगाड्या, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाड्या असलेल्या कोल्हापुरातल्या काही कुटुंबांचा एक गट आहे आणि ते नाताळच्या सुट्टीत त्याच तळ्याकाठी दोन दिवस मुक्काम करणार आहेत. तिने गटाचे प्रमुख धैर्यशील यांना फोन करून आम्हालाही यायचंय असं सांगितलं. ते गाडी बघायला आले. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या पत्र्यावर टिचकी मारली. टिचकी! महापुरातून आलेल्या गाडीला!

"पावणं, राग मानू नका," ते आकारामला म्हणाले, "पण ही घरगाडी न्हाय, दुधाचा डबा हाय. आणि पोरीचे तिथं हाल हुतील."

आकाराम एक पाऊल मागे सरकला. भैरवीने खुर्ची पुढे घेतली. तिच्या मांडीवर वही होती.

"काका, तुमच्या जागेला उतार किती हाय?"

"उतार? असंल थोडाफार."

"गाड्या मागं वळवायला जागा हाय? प्यायचं पाणी कुठनं? बायकांनी संडासला कुठं जायाचं? दवाखाना किती लांब?"

"अगं, तिथं गेल्यावर बघू की!"

"तुमी बघाल. मला गेल्यावर बघून चालत न्हाय," भैरवी म्हणाली.

धैर्यशील हसत हसत निघून गेले. पण पुढच्या रविवारी आम्ही तिघं, म्हणजे आकाराम, भैरवी आणि मी, राधानगरीच्या बाजूला त्या तळ्यावर पोचलो. गटाने ठरवलेली जागा काठावरच होती, पण तिचा उतार एवढा की माझ्या पेटीच्या तळावर आडवी ठेवलेली पाण्याची बाटली दारापर्यंत घरंगळत गेली. भैरवीने वहीत फुली मारली. आम्ही तळ्याला वळसा घालत निघालो. तिसऱ्या ठिकाणी सयाजी नावाच्या शेतकऱ्याचं भाताची मळणी झालेलं, रोलर फिरवून टणक केलेलं खळं होतं. बाटली जागची हलली नाही.

"दोन दिवस गाड्या लावू का?" आकारामने विचारलं.

"लावा की. फक्त कचरा तळ्यात टाकायचा न्हाय आणि सांडपाणी माझ्या खड्ड्यातच सोडायचं," सयाजी म्हणाला. "पाण्याला हात लावायचा तर ह्या बांधावरनं जा. बैलगाडी जाती, खुर्चीला काय हुतंय!"

भैरवीने नकाशा काढला. कोणती गाडी कुठे, चूल कुठे, लहान मुलांनी कुठल्या दगडाच्या पुढे जायचं नाही, सगळं. तो कागद तिने गटाला पाठवला. दुसऱ्या दिवशी धैर्यशील पुन्हा आले. या वेळी त्यांनी मला हात लावला नाही.

"जागा चांगली शोधलीस," ते म्हणाले. "समदे तयार हायत."

"तुमच्या घरची किती माणसं?"

"आमी चौघं."

"आणि आज्जी?"

त्यांच्या आईचं नाव तानाबाई; लीलाने फोन केला तेव्हा तो आधी त्यांनीच उचलला होता. धैर्यशील खाली बघत म्हणाले, "आई कुठं येती? आमच्या गाडीला तीन पायऱ्या हायत. तिला चढवत न्हाय. ती घरीच ऱ्हाती."

भैरवीने वही मिटली.

"आमच्या गाडीला पायरीच न्हाय," भैरवी म्हणाली. "आज्जींना इकडं बसवा."

आणि मित्रांनो, तानाबाई आल्या. रॅम्पवरून लीलाच्या खांद्याला धरून चढताना त्यांनी मुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "सहा वरसं तुझी ती गाडी दारात हाय. मला एकदा तरी इचारलंस?" धैर्यशीलनी आईची पिशवी आत ठेवली. मग ते आपल्या गाडीत बसले आणि माझ्या मागून निघाले. घाटात माझा वेग कमी होता. कुणीही हॉर्न वाजवला नाही.

सगळं काही वहीप्रमाणे झालं असं मी म्हणणार नाही. उलथनं घरीच राहिलं, एका गाडीचं चाक पंक्चर झालं, आणि थंडी भैरवीने धरली होती त्याहून कडक होती. पण सकाळी आकारामने तिची खुर्ची बांधावरून अगदी पाण्यापर्यंत नेली. तिने वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि जोरात ओरडली, "गार हाय की ओ!" शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या तानाबाईंनी पदर खोचला आणि पाय पाण्यात सोडले. नाश्त्याची हाक तीनदा आली. दोघींपैकी कुणीही हलायचं नाव घेतलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना फार काही लागत नाही. वेळेवर तेल बदला, चाकात हवा ठेवा, ब्रेक तपासा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. सहल ठरवताना "तू घरीच राहा, तिथं सोय नाही" असं कुणाला सांगायची वेळ आली, तर आधी स्वतः तिथे जाऊन या. सोय नसेल तर करा. तेवढं जमत नसेल, तर निदान वाटेत उभे राहू नका. भैरवीने नवी जागा शोधली आहे आणि आकारामने चावी फिरवली आहे.